साटा-२ च्या बोर्डला एसएसडी लावून फायदा आहे का?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सिडकोतल्या दुकानात बिलिंगचा पीसी, थर्ड जनरेशन आय-थ्री, एच-६१ बोर्ड, ८ जीबी रॅम, जुनी ५०० जीबीची हार्डडिस्क, काम टॅली आणि क्रोमचं, आणि चालू व्हायलाच इतका वेळ की गिऱ्हाईक निघून जातं. एमजी रोडला तुम्हाला तीन भाव मिळाले, नवीन १ टीबी हार्डडिस्क ४२००, रिफर्बिश्ड (वापरलेली, पुन्हा विकायला काढलेली) २ टीबी २८०० आणि २४० जीबीची साटा एसएसडी (थाळीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) १९००. वर दुकानदाराचं म्हणणं की बोर्ड साटा-२ चा आहे (साटा म्हणजे डिस्क बोर्डला जोडायची पद्धत, २ जुनी पिढी, ३ नवी), एसएसडी वाया जाईल, त्यापेक्षा साटा-३ ची ७२०० वाली हार्डडिस्क घ्या.

तर त्याचं अर्धं बरोबर आहे. एच-६१ चिपसेटला (बोर्डवरच्या मुख्य चिपला) साटा-३ नाहीच, ३ गिगाबिटचे पोर्ट असतात, म्हणजे कागदावर सेकंदाला ३०० एमबी आणि हातात पडतात २६०-२७०, त्यामुळे साटा एसएसडीचा साडेपाचशेचा स्पीड तुम्हाला दिसणार नाही हे खरं. पण मग साटा-३ ची हार्डडिस्क घेऊन काय साधणार? ती स्वतःच दीडशे-दोनशेच्या वर जात नाही, आणि तेही डिस्कच्या बाहेरच्या कडेला, आतल्या बाजूला डेटा गेला की जवळपास निम्म्यावर येते. तिला साटा-२ सुद्धा मोठंच पडतं. हा प्रकार जुनाच आहे, साटाच्या आधीचा आयडीईचा पट्टा शेवटी सेकंदाला १३३ एमबीपर्यंत गेला, मग २००३ च्या सुमारास साटा १५० घेऊन आलं, नंतर ३०० नंतर ६००, पण त्या २००३ च्या डिस्का साठ-सत्तर एमबीच्या पुढे जात नव्हत्या. केबलची पिढी वाढत गेली, आतली थाळी मात्र आपल्या चालीनेच फिरत राहिली. खोक्यावरचा ६ गिगाबिटचा आकडा बघून हार्डडिस्कला एक रुपयाही जास्त देऊ नका.

खरी गोम दुसरीकडेच आहे. ७२०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०, एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद, हवी ती जागा हेडखाली (डेटा वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा म्हणजे ४.२, त्याआधी हेडला त्या ट्रॅकवर (थाळीवरच्या गोल रेघेवर) पोचायला आठ-नऊ मिलिसेकंद, म्हणजे एक जागा शोधायला बारा-तेरा मिलिसेकंद गेले, सेकंदात झाल्या ऐंशीच्या आसपास जागा. विंडोज सुरू होताना बारीक बारीक फाईली इकडून तिकडून उचलते, समजा ४ केबीचे तुकडे धरले तर ८० गुणिले ४, सेकंदाला फक्त ३२० केबी! टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि खाली स्पीड एक एमबीसुद्धा नाही, असं दिसतं ना तुम्हाला, ते हेच. ५४०० ची घेतली तर अर्धा फेराच ५.६ चा, म्हणजे अजून थोडं वाईट. १०,००० आरपीएमवाल्या रॅप्टर नावाच्या हार्डडिस्क यायच्या एकेकाळी, पहिली तर फक्त ३६ जीबीची, तिच्यातही अर्धा फेरा ३ मिलिसेकंद लागायचाच. एसएसडीत फिरायला काही नाहीच, असे तुकडे ती सेकंदाला हजारोंनी देते, स्वस्तातली असली तरी, आणि यात साटा-२ आड येत नाही. म्हणून तुमच्या बोर्डलाही एसएसडीच घ्या.

आता भाव. टीबीच्या हिशोबाने एसएसडी महागच, १९०० ला २४० जीबी म्हणजे टीबीला आठ हजाराच्या जवळ, हार्डडिस्क ४२००. पण तुम्हाला टीबी हवेत कुठे, विंडोज आणि टॅलीला २४० भरपूर झालं. आणि एक बघा, ५०० जीबी आणि १ टीबी हार्डडिस्कच्या किमतीत फारसा फरक का नसतो? मोटर, हेड, पत्र्याचा डबा, सर्किट हा खर्च छोट्या डिस्कलाही तेवढाच, त्यामुळे ठराविक किमतीखाली ती येतच नाही. हार्डडिस्क खरी परवडते ४ टीबीच्या पुढे. पण २ टीबी, ४ टीबी कुठलीही घेताना एसएमआर की सीएमआर (ट्रॅक लिहायच्या दोन पद्धती, सीएमआरमध्ये ते सुटे शेजारी-शेजारी असतात) ते मॉडेल नंबरवरून बघून घ्या. एसएमआरमध्ये ट्रॅक मंगलोरी कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, मधलं एक बदलायचं तर पुढचे पण पुन्हा लिहावे लागतात, मोठी कॉपी टाकली की मध्येच स्पीड धाडकन पडतो. २५६ एमबी कॅश (डिस्कची तात्पुरती मेमरी) बघून खूश होऊ नका, बऱ्याच एसएमआर डिस्कांना ती याचसाठी दिलेली असते.

ती २८०० ची रिफर्बिश्ड बहुधा सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून निघालेली असणार, अशा फार येतात बाजारात. दुकानातच क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) लावायला सांगा. वर उजवीकडे पॉवर ऑन अवर्स दिसतात, वर्षाचे ८७६० तास, म्हणजे २६ हजार दिसले तर तीन वर्षं अखंड चाललेली डिस्क. खाली ०५ (खराब होऊन बदललेल्या जागा) आणि सी-५ (वाचायला अडणाऱ्या संशयित जागा) या दोन ओळींचा रॉ आकडा शून्यच पाहिजे, सी-५ मध्ये काहीही असलं तर परत करा. तास शून्याजवळ आणि स्टिकर झिजलेलं, तर मीटर मागे फिरवलाय समजा. हिशोबाचा डेटा तरी मी अशा डिस्कवर ठेवणार नाही.

एसएसडी लावताना बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) साटा मोड जुना आयडीई असेल तर आधी एएचसीआय (साटासाठीचा नवा मोड) करा, मगच विंडोज नव्याने टाका, नंतर बदललं तर निळी स्क्रीन येऊ शकते. जुनी ५०० ची सी-५ शून्य असेल तर डेटासाठी आतच राहू द्या. टॅलीचा बॅकअप मात्र रोज पेनड्राइव्हवर घ्या, कारण हार्डडिस्क जाताना बऱ्याचदा कुरकुर करते, एसएसडी सकाळी सरळ दिसतच नाही. आणि बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, कंपनीच्या साईटवर वॉरंटी तिथेच मोबाईलवर चेक करा, मगच पैसे द्या.