डोकं शिवू नका, मानेतूनच वर विणत जा

प्रश्न होता: क्रोशाने साधारण 15 सेंटिमीटर उंचीचा सुपरहिरो करते आहे. डोकं, धड, हात, पाय वेगवेगळे विणून शिवले. डोकं सारखं एका बाजूला कलतं आणि केप लावली की बाहुला मागे पडतो. मान पक्की कशी करू? आणि सुई कितीची घेऊ?

आधी ते डोकं उसवा. मानेभोवती आणखी दोन फेऱ्या दोरा घातला की बसेल, असं तुम्हाला कुणी ना कुणी सांगेल. मलाही सांगितलं होतं, मी ऐकलं, आणि रडायची वेळ माझ्या चार वर्षांच्या भाच्यावर आली.

त्याला वाढदिवसाला सुपरहिरो हवा होता. टीव्हीवरचा नाही, त्याचा स्वतःचा. नाव भिरभिरमॅन, कारण तो गरगर फिरून वादळ आणतो. निळे कपडे, वरून लाल चड्डी, पिवळा पट्टा, काळा मुखवटा, पिवळी केप. चड्डी कपड्यांच्या वरूनच हवी, हे त्याने मला तीनदा बजावलं. पोराचं बरोबरच होतं. 1938 साली सुपरमॅन पहिल्यांदा छापून आला तोच केप आणि वरून लाल चड्डी घालून, आणि मुलांच्या चित्रांतला सुपरहिरो अजूनही तसाच असतो.

भाच्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्या हातात क्रोशाची सुई तिनेच दिली, साखळी तिनेच शिकवली. पण बाहुल्यांच्या बाबतीत आमचं पहिल्यापासून पटत नाही. ताईचं म्हणणं, प्रत्येक भाग सुटा विणावा, भरावा, टाचण्या लावून जागा ठरवावी आणि मग शिवावा. "एकसंध विणलेली बाहुली खुंटासारखी दिसते," हे तिचं ठरलेलं वाक्य. भाच्यासाठी करायचं होतं आणि त्याच्या आईचं मन मोडायचं नव्हतं, म्हणून मी तिच्या पद्धतीने केलं.

डोकं 36 टाक्यांपर्यंत वाढवलं आणि घटवत 6 वर आणून बंद केलं. धड वरच्या बाजूला 12 टाक्यांवर थांबवलं. म्हणजे एक गोल चेंडू एका अरुंद नळीच्या कडेवर ठेवायचा आणि शिवायचा. दोरा हातभर लांब ठेवला होता. दोन फेऱ्या शिवल्या, गाठ मारली, टोक आत ओवून घेतलं. दिसायला फार सुरेख झाला होता, ते मी आजही मान्य करते.

आता मूल बाहुली कशी धरतं ते आठवा. कमरेला धरत नाही. डोक्याला धरतं, कारण त्या मुठीत तेच नीट मावतं. त्यात हा हिरो गरगर फिरणारा. बाराव्या दिवशी रात्री ताईचा फोन आला, मागून पोराच्या रडण्याचा आवाज. भिरभिरमॅनचं डोकं एका बाजूने सुटून लोंबत होतं आणि झोपायची वेळ झाली होती. त्या रात्री भाचा बाहुला उशाशी घ्यायला तयार नव्हता आणि सोडायलाही तयार नव्हता.

ताई म्हणाली, "तुझी शिवण कच्ची राहिली. मी शिवलेलं एकही डोकं आजवर निघालेलं नाही."

हे मला लागलं. दुसऱ्या दिवशी बाहुला घरी आणला, दिव्याखाली धरला आणि सुईच्या टोकाने एकेक टाका बाजूला करून बघितला. शिवणीचा दोरा अखंड होता. गाठ जिथल्या तिथे होती. सुटले होते ते डोक्याचे टाके. शिवणीचा दोरा ज्या फासांतून गेला होता, ते फास ओढून ओढून दुप्पट लांब झाले होते, त्यातला एक तुटला होता आणि त्याच्या शेजारचे दोन ओघळले होते. भोकातून आत भरलेला पांढरा फायबर बाहेर आला होता. म्हणजे शिवण पक्की होती म्हणूनच तिने टाके फाडले. तिथे कितीही मजबूत दोरा घेतला असता तरी हेच झालं असतं, कारण सगळा ओढा लोकरीच्या एकेका पदरावर येतो.

तुमचं डोकं कलतं त्याचं कारणही हेच आहे. फक्त तुमचे टाके अजून तुटलेले नाहीत, ताणले गेलेत. ज्या बाजूचे जास्त ताणले, त्याच्या उलट बाजूला डोकं झुकतं. तुम्ही तिथे आणखी शिवलंत की आणखी ताणले जातील.

एकसंध विणताना वरचा प्रत्येक टाका खालच्या टाक्यात पूर्ण अडकलेला असतो. ओढा सगळ्या फेरीवर वाटला जातो. मी तो बाहुला तसाच ठेवून नवा विणला, पायापासून वर. एका पायाचे 12 टाके, दुसऱ्याचे 12, दुसरा पाय झाला की दोरा न तोडता पहिल्या पायाला जोडून 24 ची फेरी. लाल चड्डीच्या 4 फेऱ्या, पिवळ्या पट्ट्याची 1, निळ्या अंगरख्याच्या 6. मग खांद्याला घटवत 18. आणि इथे थांबा, हीच तुमची मान. 18 टाक्यांच्या दोन फेऱ्या, त्यातली दुसरी कातडीच्या रंगाची, आणि तिथूनच डोक्यासाठी वाढवायला सुरुवात: 24, 30, 36. डोकं 36 चं आणि मान 18 ची म्हणजे मानेची रुंदी डोक्याच्या निम्मी. 12 ची मान केलीत तर ती तिसरा हिस्सा होते, आणि एवढ्या बारीक नळीवर 36 टाक्यांचं भरीव डोकं उभं राहत नाही, मग ते शिवलेलं असो की विणलेलं. मानेला 18 च्या खाली जाऊ नका. दिसायला थोडी जाड दिसेल, पण सुपरहिरोची मान जाडच शोभते.

मान भरताना छोटे छोटे पुंजके कोंबू नका. त्यांच्यामध्ये फट राहते आणि बाहुला बरोबर तिथेच वाकतो. धड भरून झालं की फायबरची बोटभर लांब, घट्ट पिळलेली वात करा. अर्धी धडात जाऊ द्या, अर्धी मानेतून वर उभी राहू द्या आणि तिच्याभोवती डोकं विणत चला. डोकं बंद करण्याआधी त्या वातीच्या चहूबाजूंनी भरा. मानेत तार घालायचा सल्ला मिळेल. मुलाच्या खेळण्यात तार घालू नका. आज ना उद्या ती टोचते.

हातसुद्धा मी शिवत नाही. हात आधी विणून ठेवायचा, 8 टाक्यांची नळी तोंडाशी चपटी करायची आणि खांद्याच्या फेरीत तिचे दोन्ही थर आणि धडाचा टाका एकदम सुईत घेऊन 4 सिंगल क्रोशे, म्हणजे साधे बुटके टाके, विणायचे. भाचा आता भिरभिरमॅनला एका हाताला धरून फिरवतो, हात जागेवर आहे.

केपचं सांगते. तुम्ही केप त्याच जाड लोकरीने आणि सिंगल क्रोशेनेच केली असणार, आणि मानेच्या मागे दोन टोकांना टाचली असणार. ती गोधडीसारखी जड होते आणि सगळं वजन मागे आणि वर, जिथे नको तिथेच येतं. केपला लोकर पातळ घ्या आणि उंच खांब, म्हणजे सुईवर आधी वेढा घेऊन विणलेले लांब टाके, घाला, विण मोकळी आणि हलकी पडते. लांबी गुडघ्यापर्यंत पुरे. आणि टाचू नका. टाक्याच्या माथ्यावर दोन फास असतात; मानेची पहिली फेरी फक्त मागच्या फासातून विणा, म्हणजे पुढचे फास मोकळे उरतात. त्यातले पाठीकडचे 9 उचलून केप थेट तिथूनच खाली विणत आणा. पायांत फायबर दाबून भरा, डोक्यात थोडा हलका. एवढं करूनही तो गुळगुळीत फरशीवर तासन्‌तास उभा राहील अशी खात्री मी देणार नाही. मोठ्या डोक्याचा बाहुला भिंतीला टेकूनच चांगला राहतो.

केपचा आणखी एक फायदा आहे. गोल फिरत विणताना जिथे रंग बदलतो तिथे पायरी पडते. फेरीची सुरुवात पाठीच्या मध्यावर ठेवली की सगळ्या पायऱ्या केपखाली झाकल्या जातात. मात्र टाके दर फेरीला थोडे तिरके सरकतात, त्यामुळे सुरुवातही सरकते. पट्ट्याच्या आधी बघा, बाजूला गेली असेल तर एक-दोन टाके जास्त विणून ती मध्यावर आणा. आणि नवा रंग नव्या टाक्याला घेऊ नका, आधीच्या टाक्याच्या शेवटच्या ओढीलाच घ्या, नाहीतर मुखवट्याची कड दातेरी येते.

ताईचं एक म्हणणं खरं आहे आणि ते लिहिलं पाहिजे. शिवलेलं डोकं जरासं तिरकं, वर बघणारं असं बसवता येतं आणि त्याने बाहुलीत जीव येतो. एकसंध बाहुल्यात ती सोय नाही, तो समोरच बघतो. चेहराही सगळ्यात शेवटी, पाय कुठे वळलेत ते बघून काढावा लागतो. बाहुली कपाटात ठेवायची असेल तर खुशाल शिवा. ताईच्या बाहुल्या काचेच्या कपाटात आहेत, आणि त्यांची डोकी का निघाली नाहीत याचं उत्तर मला तिथेच दिसतं.

तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर प्लास्टिकचे डोळे लावू नका, बाहुला मोठ्या भावंडासाठी असला तरी. मागची चकती कितीही घट्ट बसली तरी विण ताणली जाते आणि डोळा निघतो, आणि तेवढा तुकडा घशात अडकायला पुरेसा असतो. डोळे दोऱ्यानेच भरा. भाच्याची बहीण आठ महिन्यांची आहे, मी तेच केलं.

सुईचं राहिलं. लोकरीच्या पट्टीवर 4 मिलिमीटर लिहिलं असेल तर 2.5 घ्या, हात घट्ट असेल तर 2.75. भरल्यावर टाक्यांच्या मधून पांढरं दिसलं तर सुई मोठी आहे. दोरा सुईच्या वरून घेण्याऐवजी सुईने खालून ओढून घेतलात तर टाके फुलीसारखे दिसतात आणि आणखी घट्ट बसतात. आणि नमुना ब्रिटिश असेल तर त्यातला डबल क्रोशे म्हणजे आपला सिंगल, हे तपासून घ्या.

ताई, तू हे वाचणार हे मला ठाऊक आहे. दुसरा भिरभिरमॅन तुझ्याच घरात आहे. डोक्याला धरून उचल, आणि मानेचा एक तरी टाका सैल झालेला दिसला तर मला दाखव.