पेरोव्स्काइटचा थर मळकट का निघतो?

प्रश्न : प्रकल्पासाठी मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड या पेरोव्स्काइटचे (सौर घटात प्रकाश शोषणाऱ्या स्फटिकाचे) थर करते. द्रावण डीएमएफ (डायमिथाइल फॉर्मामाइड) या द्रावकात, आणि काच फिरत असताना वरून क्लोरोबेन्झीन सोडते. कधी थर आरशासारखा काळा निघतो, कधी मळकट. मधोमध पांढुरका गोलही दिसतो. कृती मात्र रोज तीच. चुकतं कुठे? — विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : बहुधा क्लोरोबेन्झीन सोडण्याच्या वेळेत. ते डीएमएफमध्ये मिसळतं, पण पेरोव्स्काइटला विरघळवत नाही. त्यामुळे थरातलं द्रावण एका झटक्यात अतिसंपृक्त होतं (विरघळू शकेल त्याहून जास्त पदार्थ त्यात उरतो) आणि असंख्य बीजस्फटिक एकदम पडतात. उशीर झाला तर डीएमएफ आपोआप उडत असताना मोजकीच बीजं पडतात, त्यांच्या लांब सुया वाढतात, मधे उघडी काच राहते. मळकटपणा म्हणजे त्या सुयांवर विखुरलेला प्रकाश. फार लवकर सोडलं तर द्रावण अजून पातळ असतं आणि सारं वाहून जातं.

एक काच क्लोरोबेन्झीन न टाकता फिरवा आणि धूसरपणा कितव्या सेकंदाला येतो ते पाहा. त्याच्या दोन-तीन सेकंद आधी सोडा. हा आकडा खोलीच्या तापमानाबरोबर आणि आर्द्रतेबरोबर सरकतो, म्हणून कालचा आकडा आज गृहीत धरू नका.

नुसतं डीएमएफ वापरू नका, त्यात डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड, हाही एक द्रावक) हवंच. 461 मि.ग्रॅ. लेड आयोडाइड, 159 मि.ग्रॅ. मिथाइलअमोनियम आयोडाइड, 78 मि.ग्रॅ. डीएमएसओ, 600 मि.ग्रॅ. डीएमएफ : पहिल्या तिघांचा प्रत्येकी एक मिलिमोल. डीएमएसओ शिशाला धरून ठेवतं, त्यामुळे फिरवून झाल्यावर थर काळा नव्हे, जवळजवळ पारदर्शक दिसायला हवा. तो 65 अंशांवर मिनिटभर ठेवून मग 100 अंशांवर नेला की डीएमएसओ निघून जातं आणि थर डोळ्यांदेखत काळा पडतो. हॉटप्लेटवर जाण्याआधीच काळा पडला असेल, तर वेळ हुकली असं समजा.

मधला गोल बहुतेकदा हाताचा दोष. इंचभर चौरस काचेला 150 ते 200 मायक्रोलिटर क्लोरोबेन्झीन पुरतं. पिपेटची टिप काचेच्या वर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर, बरोबर मध्यावर, आणि एकच अखंड धार. थेंब-थेंब पडलं की प्रत्येक थेंबाचं वेगळं कडं उमटतं. क्लोरोबेन्झीनऐवजी डायइथिल इथर घेत असाल तर तेच टिपमध्ये आधी दोन-तीनदा ओढून सोडा, नाहीतर आतल्या वाफेच्या दाबानं टिप आपोआप ठिबकू लागते.

हातमोजे मात्र विसरू नका; डीएमएसओ त्वचेतून सहज आत शिरतं आणि त्यात विरघळलेलं शिसंही सोबत नेऊ शकतं.

प्रश्न : थर हॉटप्लेटवर भाजताना डीएमएफची वाफ दिली की त्यातले स्फटिककण मोठे होतात असं वाचलं. माझ्या थराला मात्र भोकं पडली.

उत्तर : वाफ जास्त झाली. काचेशेजारी 10 मायक्रोलिटर डीएमएफ टाकून पेट्री डिश पालथी घाला, 100 अंश ठेवा. हेतू एवढाच, की कणांच्या कडा ओलसर होऊन आयन हलावेत आणि मोठ्या कणांनी लहानांना गिळावं. प्रमाण सुटलं की थर पुन्हा विरघळतो आणि आक्रसून खाली काच उघडी पडते. आधी वेळ निम्मी करा, मगच डीएमएफ कमी करा.