सील किती तास टिकतं, ते आधी मोज

रत्नागिरी

अनेक आशीर्वाद.

तुझ्या रोटरी इंजिनाची ड्रॉइंग्ज दोनदा पाहिली. काम सुबक आहे, आणि इंजिन फिरतंय याचा मला मनापासून आनंद झाला. पण ते मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवाल्यांना विकायचं म्हणतोस, म्हणून स्पष्ट लिहितो.

पिस्टन नाही, त्याऐवजी तिकोनी रोटर फिरतो; व्हॉल्व्ह नाहीत, भाग मोजके, कंपन कमी. १९६७ साली एनएसयू या जर्मन कंपनीची रोटरी इंजिनाची रो ८० गाडी आली तेव्हा हेच सगळं होतं, आणि ते खरंही होतं. पुढच्या वर्षी तिला युरोपातला ‘कार ऑफ द इयर’ पुरस्कार मिळाला. मग रोटरच्या टोकांची, वायू अडवून धरणारी सीलं झिजू लागली. वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनी खचली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या ताब्यात गेली.

तुझ्या ड्रॉइंगमध्ये दुखणं तिथेच आहे. पिस्टनची गोल रिंग गोल लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, सगळीकडून बसते. रोटरच्या टोकाचं सील मात्र एका रेषेवर टेकतं आणि भिंतीशी त्याचा कोन सतत बदलत राहतो. त्यात जाळ नेहमी हाउसिंगच्या, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचाच्या, एकाच बाजूला होतो. ती बाजू भाजते, हवा आत येते ती बाजू त्यामानाने गार राहते, आणि हाउसिंगचा आकार बिघडतो. ज्वलनाची जागा लांबट, चपटी. त्यामुळे बरीच उष्णता भिंतीत जाते आणि थोडं इंधन न जळताच बाहेर पडतं. माझदाने सीलचं पुष्कळ निस्तरलं, १९९१ मध्ये रोटरीवर ल माँची शर्यतही जिंकली. तरी त्यांची रोटरीवरची आरएक्स-८ गाडी २०१२ मध्ये बंद झाली. इंधनाचं दुखणं गेलं नव्हतं.

आता आपल्या तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्याचा, विचार कर. ट्रॉलरवर इंजिनाला जागा भरपूर असते, लहान इंजिनाचं त्याला काय कौतुक? जाळं ओढताना इंजिन तासन्‌तास भाराखाली असतं आणि फेरी परवडली की नाही ते डिझेल ठरवतं. जून-जुलैच्या बंदीत इंजिन खोललं की लायनर, रिंगा, नोझल बाजारात मिळतात, बसवणारा मिस्त्री बंदरातच असतो. तुझं सील त्याला कोण देणार? भर समुद्रात इंजिन बसलं तर खलाशांच्या जिवाशी गाठ आहे, हे मी किनाऱ्यावर राहून विसरू शकत नाही.

तरी सगळं टाकून दे असं मी म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियात राल्फ सॅरिच यांच्या ऑर्बिटल इंजिनाचा १९७०च्या दशकात मोठा गाजावाजा झाला. ते इंजिन गाड्यांत कधी आलंच नाही. पण सॅरिच यांच्याच कंपनीची, हवेच्या दाबाने इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारायची पद्धत मर्क्युरी कंपनीच्या टू-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनात, गेली. तुझ्या ड्रॉइंगमधला तेलाचा पंप मला त्या तोडीचा वाटतो. तो आधी साध्या आउटबोर्डवर लावून बघ.

इंजिन डायनॅमोमीटरवर, म्हणजे भार देऊन ताकद मोजायच्या यंत्रावर, पूर्ण भाराने सलग चालव. दर किलोवॅट-तासाला किती ग्रॅम इंधन लागतं ते लिही. चांगलं डिझेल इंजिन २२०च्या आसपास घेतं. मग खोलून प्रत्येक सील मायक्रोमीटरने मोज. हे आकडे मला दाखवल्याशिवाय वडिलांना कलमांच्या बागेवर कर्ज काढायला लावू नकोस.