वीरगळ नकाशावर टाकू का नको?

प्रश्न: मी औसा तालुक्यातला रिटायर शिक्षक. आमच्या गावात मारुतीच्या पारापाशी चार वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारक-दगड) अन् एक अक्षरं कोरलेला दगड हाय. नातू पुण्यात कॉम्प्युटरचं करतो, तो म्हणला आजोबा तिकडं आयर्लंडात ओघम नावाचे जुने दगड लोकं ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हंजे कुणीबी भर घालू शकतो अशा इंटरनेटवरच्या नकाशावर, टाकायलेत, तुमी पण टाका. हे ओघम काय असतंय, अन् मला आमच्या दगडावरचं वाचताच येत नाही, मग टाकू का नको?

उत्तर: गुरुजी, टाका. वाचणारा नंतर कधीही येईल, दगड तोवर तिथंच असेल ह्याची गॅरंटी नाही.

आता ओघम, म्हणजे जुन्या आयरिश भाषेची रेघांची लिपी. ती कोरलेले साधारण चौथ्या ते सातव्या शतकातले दगड, चारशेच्या आसपास उरलेत, बहुतेक आयर्लंडच्या दक्षिणेला केरी, कॉर्क, वॉटरफर्डकडं, थोडे वेल्स अन् आईल ऑफ मॅन ह्या शेजारच्या बेटावर. गंमत म्हणजे अक्षरं दगडाच्या तोंडावर नसतात, कडेवर असतात. एक ते पाच रेघा, कडेच्या उजवीकडं नाहीतर डावीकडं नाहीतर तिरक्या आरपार, आणि स्वर म्हणजे कडेवरच्या नुसत्या खाचा. 'मकी' म्हणजे अमक्याचा मुलगा, हा शब्द सारखा येतो: एक तिरकी रेघ, एक खाच, पाच रेघा, पाच खाचा, झालं. त्यामुळं कड झिजली की आधी स्वर जातात आणि मग अभ्यासकांचे वाद सुरू. आईल ऑफ मॅनच्या एका दगडावर 'बिवाइदोनास मकी मुकोइ कुनवा[लि]' असं वाचलंय, म्हणजे अमुक माणूस, कुनवालीच्या कुळातला. त्यातलं कंसातलं 'लि' दगडावर नाहीच, ते अंदाजानं भरलंय, आणि भरलंय हे सरळ कंस करून दाखवलंय. आपल्याकडं काही जण शिलालेख असा वाचतात की जणू कोरताना शेजारी बसले होते, म्हणून मला हा कंस फार आवडतो. वाचायचं बहुतेक खालून वर. वीरगळही तसाच ना, खाली लढाई, मधे अप्सरा वीराला घेऊन चालल्यात, वर पिंडीची पूजा.

आणखी एक सारखेपणा म्हणजे तिकडचेही कित्येक दगड मूळ जागी नाहीत. काही जुन्या भुयारांच्या छताला आडवे घातलेले सापडले, 28 तर कॉर्कच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये उभे आहेत. आपले वेशीच्या भिंतीत, आडाच्या काठाला, एखाद्यावर तर रोज धुणं आपटतात. नकाशावर दगड आज जिथं आहे तिथंच टाकायचा, आणि 'आधी गढीपाशी होता' असं जे म्हातारी माणसं सांगतात ते डिस्क्रिप्शनमध्ये लिहायचं, कुणी सांगितलं ह्याच्यासकट नाही, नुसतं 'गावकऱ्यांच्या सांगण्यावरून' पुरे.

नकाशावरच्या प्रत्येक गोष्टीला टॅग, म्हणजे लेबल, लावायचं असतं आणि त्यात व्हॅल्यू, म्हणजे तिचा प्रकार किंवा मजकूर, भरायचा असतो. ओघमला तिथं 'हिस्टॉरिक' टॅगमध्ये 'ओघम_स्टोन' अशी स्वतःची व्हॅल्यू आहे. वीरगळाला मी 'मेमोरियल' देतो, प्रकार 'स्टोन', आणि नावात मराठीत वीरगळ. चार वीरगळ म्हणजे चार वेगळे पॉइंट, एकात कोंबू नका. मजकुरासाठी 'इन्स्क्रिप्शन' टॅग आहे पण एका व्हॅल्यूत 255 कॅरेक्टरच बसतात, ओघमची बापलेकांची नावं आरामात मावतात, आपला वीस ओळींचा दानलेख नाही मावत. फोटो विकिमीडिया कॉमन्सवर (सगळ्यांना खुलं असलेलं फोटोंचं भांडार) टाकून तिथून जोडा. गूगल मॅपवरनं जागा उचलायची नाही, लायसन्सचा लफडा होतो, दगडापाशी उभं राहून फोनचं लोकेशन घ्या आणि थोडं थांबा कारण पिंपळाखाली जीपीएस भरकटतं. माझा एक वीरगळ तीन महिने रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीत उभा होता, कुणी सांगितलं तेव्हा कळलं.

प्रश्न: अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू नाहीतर पीठ चोळलं तर चालेल का? आणि कमिटीवाले जीर्णोद्धारात सगळ्या दगडांना पेंट मारायचा म्हणायलेत. (उदगीरहून एक ताई)

उत्तर: नाही ताई, खडू नको, पीठ नको, तारेचा ब्रश तर अजिबात नको. खडूनं तुम्ही तुम्हाला दिसलं ते गिरवता, मग पुढच्याला फोटोत तेच दिसतं, चुकलं असलं तरी. त्यापेक्षा अंधार पडल्यावर जा, सोबत कुणाला तरी न्या, टॉर्च समोरून न धरता दगडाच्या अंगाला चिकटून बाजूनं धरा. दुपारी सपाट दिसणाऱ्या दगडावर ओळीच्या ओळी उभ्या राहतात. टॉर्च चारी बाजूंनी फिरवत चार फोटो काढा.

पेंटचं मात्र काळजाला लागलं. आमच्याकडं एका देवळात चंदेरी ऑइलपेंट मारला, बारीक कोरीव सगळं भरून गेलं, आता ती अप्सरा आहे का घोडा कळत नाही. कमिटीवाल्यांशी वाद नका घालू, पेंटच्या आधी फोटो काढायला दोन दिवस मागा आणि त्या दोन दिवसांत गावातल्या कुणातरी मान्यवराला दगडापाशी नेऊन हा वीर कुणाचातरी पूर्वज असेल एवढं बोला. भिंत रंगवा म्हणावं, दगड सोडा.

प्रश्न: शेताच्या बांधावर गाढव कोरलेला दगड आहे, वर चंद्रसूर्य. घरचे म्हणतात हात लावला तर शाप लागतो. फोटो काढू का?

उत्तर: तो गधेगाळ, म्हणजे दानाची नोंद करणारा शापाचा दगड. चंद्रसूर्य असेतो हे दान चालावं, आणि जो मोडेल त्याला त्या गाढवाची शिवी. शाप दान मोडणाऱ्याला आहे, फोटो काढणाऱ्याला नाही. खुशाल काढा, फक्त बांध भावकीत वादातला असेल तर दोन्हीकडच्यांना आधी सांगून जा.