धाप लागते, तरी पाय हलते ठेवा

फुप्फुस प्रत्यारोपणाच्या यादीत नाव असलेल्या रुग्णांच्या घरून आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. उत्तरांतले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या प्रत्यारोपण केंद्राने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळायचा.

प्रश्न : आई ५८ वर्षांची आहे. फायब्रोसिसमुळे (फुप्फुसं वणासारखी ताठर होण्याच्या आजारामुळे) तिला दिवसभर ऑक्सिजन लागतो. गेल्या तपासणीत कागदावर ‘फ्रेल’ (म्हणजे शरीराने खचलेली, अशक्त) असा शेरा आला आणि घरी व्यायाम सुरू करा असं सांगितलं. बाथरूमला जाऊन आली तरी तिला धाप लागते. व्यायामाने उरलीसुरली ताकदही जाणार नाही का? ऑपरेशनपर्यंत तिला आराम करू द्यावा, असं घरात सगळ्यांचं मत आहे.

काळजीपोटी येणारं हे मत आम्ही नेहमी ऐकतो, आणि नुकसान त्यानेच होतं. व्यायामाने फायब्रोसिस बरा होत नाही. सुधारतात ते स्नायू. धाप लागते म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिलं की मांड्या वाळतात, आणि न वापरलेला स्नायू थोड्याशा कामातही लॅक्टिक आम्ल तयार करू लागतो. ते निपटायला शरीर श्वास वाढवतं, म्हणजे धाप आणखी वाढते. बराच काळ प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल तर मांड्या आणि खुबे आणखी कमजोर होतात. (म्हणून ते औषध मनाने बंद मात्र करायचं नाही.)

‘फ्रेल’ हा शेरा अंदाजाने दिलेला नसतो. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी शॉर्ट फिजिकल परफॉर्मन्स बॅटरी नावाची १२ गुणांची चाचणी घेतात. तीत पाय वेगवेगळ्या प्रकारे जवळ ठेवून १० सेकंद तोल सांभाळणं, ४ मीटर नेहमीच्या वेगाने चालणं आणि हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठणं एवढंच असतं. ७ किंवा त्याहून कमी गुण आले की रुग्णाला फ्रेल धरतात. अशा रुग्णांची तब्येत यादीत असतानाच खालावण्याचा धोका जास्त असतो, म्हणून केंद्र त्याकडे इतकं लक्ष देतं. पण तो शेरा कायमचा नाही. काही आठवड्यांच्या घरगुती व्यायामाने हे गुण वाढू शकतात, आणि चाचणी पुन्हा घेता येते.

प्रश्न : सुरुवात नेमकी कशाने करायची? रोज किती वेळ?

खुर्चीने. घरी एकच व्यायाम जमणार असेल तर तो उठण्या-बसण्याचा असावा. संडासातून उठणं, पलंगावरून उतरणं, ऑपरेशननंतर पहिल्यांदा उभं राहणं, सगळीकडे मांडीचे तेच स्नायू लागतात.

साधारण ४५ सेंटीमीटर उंचीची, हात असलेली, चाकं नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. रुग्णाने सीटच्या पुढच्या कडेला सरकून बसायचं, पाय गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायचे, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे वाकायचं आणि ओठांचा चंबू करून फुंकर सोडत सोडत उठायचं. उभं राहिल्यावर एक श्वास. मग तीन मोजत सावकाश खाली. ३ ते ५ वेळा, मग एक-दोन मिनिटं विश्रांती, अशा दोन फेऱ्या पहिल्या आठवड्याला पुरेत. हात न टेकता उठता येत नसेल तर सीटवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा. जमू लागलं की उशी पातळ करा.

चुका होतात त्या दोन ठिकाणी. पहिली म्हणजे उठताना श्वास कोंडणं. जोर लावताना आपण सगळेच दम धरतो, पण या रुग्णांत त्याने छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, ऑक्सिजन झरकन उतरतो आणि उभं राहताच गरगरतं. म्हणून शेजारी बसलेल्याने मोठ्याने ‘फूऽऽ’ म्हणावं. हसू येईल, पण उपयोग होतो. दुसरी चूक म्हणजे धपकन बसणं. सावकाश खाली जाण्यातच स्नायूला निम्मं काम मिळतं. शिवाय स्टेरॉइडने हाडं ठिसूळ झाली असतील तर त्या धपक्याने मणका दबू शकतो.

याच्या जोडीला खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणं (८ ते १० वेळा), बसून एकेक गुडघा सरळ करून पाच अंक थांबणं, आणि हातांसाठी पाण्याने भरलेली ५०० मिलीलिटरची बाटली, म्हणजे अर्धा किलो, खांद्याच्या उंचीपर्यंत उचलणं. त्याच्या वर नको. खांद्याचे आणि मानेचे जे स्नायू श्वासाला मदत करत असतात, हात डोक्यावर गेले की ते त्या कामात अडकतात आणि धाप लागते. केस विंचरताना याच कारणाने दम लागतो. तोल सुधारायचा तर ओट्याला धरून एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवून १० सेकंद उभं राहायचं, मागे खुर्ची हवीच.

हे ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. चालणं मात्र शक्यतो रोज आणि तुकड्यांत. एक मिनिट चाला, एक-दोन मिनिटं बसा, असं पाच-सहा वेळा. सलग दहा मिनिटं चालायचा हट्ट करणारे तिसऱ्या दिवशी सोडून देतात, तुकड्यांत चालणारे टिकतात. तुकडे जमू लागले की आधी चालण्याचा वेळ वाढवा, मग विश्रांती कमी करा, दोन्ही एकदम नको. एकूण २० ते ३० मिनिटांपर्यंत पोचायला कित्येक आठवडे लागले तरी हरकत नाही. चाकांचा वॉकर वापरायला लाजू नका. त्यावर हात टेकले की खांदे स्थिर होतात आणि श्वासाच्या स्नायूंना आधार मिळतो.

किती दमायचं? धाप ० ते १० मध्ये मोजायला शिका. ० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे याहून जास्त सहनच होणार नाही. काम ३ ते ४ वर ठेवायचं. लहान वाक्य बोलता आलं पाहिजे. ५ च्या वर गेलं तर थांबा. ०-१ वरच राहिलं तर त्या दिवशी व्यायाम झालाच नाही असं समजा.

जेवणानंतर किमान तासभर थांबा. भरलेलं पोट छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या पडद्याला वर ढकलतं. सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार) असेल आणि डॉक्टरांनी ओढायचा पंप दिला असेल तर तो १५-२० मिनिटं आधी घ्या. ब्राँकायटॅसिसमध्ये (श्वासनलिका रुंदावून त्यांत कफ साचतो तेव्हा) कफ आधी काढून टाका, मगच चाला.

प्रश्न : चालताना ऑक्सिमीटर ९० दाखवतो आणि बसल्यावर ८३ पर्यंत उतरतो. बसल्यावर का उतरावा? बाबा म्हणतात यंत्र बिघडलंय.

यंत्र बिघडलेलं नसावं, ते उशिरा सांगतंय. फुप्फुसातून निघालेलं रक्त बोटापर्यंत पोचणं आणि यंत्राने सरासरी काढणं यात वेळ जातो, त्यामुळे चालण्यातला सर्वांत खालचा आकडा बरेचदा थांबल्यावर दिसतो. म्हणजे बाबा चालतानाच ९० च्या खाली गेलेले असतात. थांबल्यावर एक मिनिट बोट बाहेर काढू नका, सर्वांत खालचा आकडा लिहा आणि तोच खरा धरा. बोट गार असेल, नखाला रंग किंवा मेंदी असेल, किंवा त्याच हाताने वॉकर घट्ट धरला असेल तर आकडा फसवा येतो. यंत्रावरची नाडी आणि मनगटावर मोजलेली नाडी जुळली तरच आकड्यावर विश्वास ठेवा. सावळ्या त्वचेवर यंत्र खऱ्यापेक्षा थोडं जास्तही दाखवू शकतं.

बहुतेक केंद्रं व्यायामात ८८ टक्के ही खालची मर्यादा ठेवतात. त्याखाली जात असेल तर व्यायाम सोडू नका, हालचालीसाठी किती लिटर ऑक्सिजन ठेवायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. बसल्या जागीचा आणि चालतानाचा प्रवाह वेगळा असतो. चालतानाचा प्रवाह उठण्याच्या दोन मिनिटं आधी लावा आणि आकडा पूर्वपदावर आल्यावरच कमी करा. मनाने वाढवू नका. काही सीओपीडी रुग्णांत जास्त ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो.

प्रवाह वाढवूनही आकडा हलत नसेल तर आधी नळी बघा. ती खुर्चीच्या पायाखाली चेपलेली असते किंवा ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण वाकडं बसून हवा तिथेच गळत असते. नाकातली टोकं पेल्यातल्या पाण्यात बुडवा, बुडबुडे आले तर ऑक्सिजन पोचतोय. टोकं पुसून मग नाकात घाला. प्रवाह मोजायच्या काचेच्या नळीत वाचताना तिच्यातल्या गोळीचा मध्य रेषेवर हवा. खांद्याला अडकवायच्या लहान कॉन्सन्ट्रेटरवरचा (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या यंत्रावरचा) ‘२’ म्हणजे मिनिटाला २ लिटर नव्हे. तो श्वास घेतानाच ऑक्सिजनचा एक ठोका देतो, आणि धाप लागून तोंडाने श्वास सुरू झाला की ठोका चुकू शकतो. त्या यंत्रावर चालून चाचणी घेतल्याशिवाय त्याच्या भरवशावर राहू नका.

प्रश्न : तीन गोळ्यांचा स्पायरोमीटर (श्वास ओढून गोळ्या वर न्यायचं यंत्र) मी दिवसातून पाच-सहा वेळा करते. तेवढा व्यायाम पुरेसा आहे ना?

नाही. त्याने पायांत ताकद येत नाही. ऑपरेशननंतर ते यंत्र लागेल, तंत्र आताच येत असेल तर उत्तम. पण तिन्ही गोळ्या वर नेण्याची शर्यत लावू नका. ताठर फुप्फुसात जोराने ओढलेल्या श्वासाने खोकल्याची उबळ येते.

प्रश्न : यजमानांना पल्मनरी हायपरटेन्शन (फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत वाढलेला दाब) आहे. त्यांनीही हेच करायचं का?

पहिली सत्रं फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच. यांत धापेपेक्षा चक्कर महत्त्वाची. हृदयाची उजवी बाजू दाबाशी झगडत असते, जोर लावला की मेंदूला रक्त कमी पडून शुद्ध हरपू शकते. वजन उचलणं, हात डोक्यावर नेणं, जमिनीवरून झटक्यात उठणं टाळा. सपाट जागेवर हळू चालणं चालतं. औषधाचा पंप नळीने जोडलेला असेल तर नळी कपड्याच्या आत पक्की करूनच उठा.

चक्कर, छातीत दुखणं, अनियमित धडधड, ओठ निळे पडणं यांतलं काहीही झालं तर कुणाही रुग्णाने तिथेच बसायचं आणि केंद्राला कळवायचं. छातीच्या एका बाजूला अचानक कळ येऊन धाप वाढली तर फुप्फुसाबाहेर हवा शिरलेली असू शकते. थुंकीत रक्त आलं किंवा शुद्ध हरपली तरीही वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : ताप आला की सगळं थांबतं, आणि पुन्हा सुरू करायला महिना जातो. वजनही उतरतंय.

तापात चालणं थांबवा, हालचाल थांबवू नका. म्हणजे पलंगावर दर तासाला पावलं वर-खाली १० वेळा, आणि जेवण खुर्चीत बसून. ताप उतरल्यावर पूर्वीच्या निम्म्याने सुरू करा आणि दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं वाढवा. कफाचा रंग बदलला, ताप आला तर केंद्राला त्याच दिवशी कळवा, त्याचा यादीतल्या स्थितीवर परिणाम होतो. वजन उतरत असताना प्रथिनं कमी पडली तर व्यायामाचा स्नायू बनत नाही. साधारणपणे वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसाला दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम लागतात, ती पाच-सहा लहान जेवणांत विभागा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आहारतज्ज्ञाला विचारूनच.

प्रश्न : केंद्रातून फोन आला, त्या दिवशी व्यायाम करायचा का?

नाही. सांगितल्याप्रमाणे उपाशी राहा आणि निघा. वहीत तारीख, किती वेळा उठलात, किती मिनिटं चाललात, किती लिटरवर आणि सर्वांत खालचा आकडा काय आला हे लिहीत असाल तर ती वही बॅगेत घ्या. ऑपरेशननंतर पलंगाशी येणारा फिजिओथेरपिस्ट आधी तीच बघेल.