वाचक विचारतात : फ्यूज टिकत नाही

प्रश्न : भुसावळला जुना स्टिरिओ अॅम्प्लिफायर घेतला. चालू करताच फ्यूज उडतो. मोठा फ्यूज टाकू का? – एक वाचक, यावल

उत्तर : मुळीच नको, ट्रान्सफॉर्मर जळेल. स्पीकर काढा आणि १०० वॅटचा पिवळा (तारेचा, एलईडी नव्हे) बल्ब मेन्सच्या वायरीत सिरीजमध्ये, म्हणजे करंट बल्बमधूनच अॅम्प्लिफायरला जाईल असा, लावून चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. लख्ख पेटलेलाच राहिला तर शॉर्ट आहे. मग प्लग काढा, मोठे कपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा. आउटपुट ट्रान्झिस्टरचे (स्पीकर चालवणारे, हीटसिंकवरचे मोठे) कलेक्टर-एमिटर हे दोन पाय मीटरने तपासा. शून्याजवळ ओहम म्हणजे तो गेला. त्या चॅनेलच्या आउटपुट ट्रान्झिस्टरची जोडी एकदमच बदला. ड्रायव्हर (त्यांना चालवणारे छोटे ट्रान्झिस्टर) आणि एमिटरचे ०.२२ ओहमचे रेझिस्टरही बघा, नाहीतर नवी जोडीही जाते. ट्रान्झिस्टरखालचा इन्सुलेशनचा अभ्रक फाटका असेल तर बदलून हीटसिंक पेस्ट लावा. पुन्हा बल्ब लावून चालू करा; स्पीकरच्या आउटपुटला डीसी व्होल्टेज ५० मिलिव्होल्टच्या आत आल्यावरच स्पीकर जोडा.