भाऊ युद्धावरून परतलाय, पण रात्री ओरडत उठतो, कुणात मिसळत नाही. घरच्यांनी कसं वागावं?

तुम्ही लिहिलंय की घरात सगळे दबक्या पावलांनी वावरतात, टीव्हीचा आवाज बंद असतो आणि आईने पाहुण्यांना 'इतक्यात येऊ नका' म्हणून सांगितलंय. वाचताना मला आमचंच घर दिसलं. माझा नवरा परतला त्याला सात वर्षं झाली. पहिलं दीड वर्ष आम्हीही हेच केलं, आणि आमची मोठी चूक तीच होती.

पहिल्याच आठवड्यात वाऱ्याने दार आपटलं आणि हा भरल्या ताटावरून उठून थेट टेबलाखाली. मुलगी हसली, तिला खेळ वाटला. त्याचा चेहरा पाहिला आणि गप्प झाली. त्या संध्याकाळी मी प्रत्येक दारात कापडाची घडी अडकवली. मग खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या आल्या. मग बातम्या बंद, मुलीच्या मैत्रिणी बंद, बाहेर जाणं बंद. दर वेळी त्याला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, आणि पुढच्या वेळी तो आणखी बारीक आवाजाला दचकायचा.

पुढे ज्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेलो, त्यांनी मला एकटीला बसवून विचारलं, "घरात सध्या काय काय बंद आहे?" मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. कागद उलटावा लागला. मग म्हणाल्या, टाळण्यावरच हा आजार पोसतो. दार आपटलं आणि काहीच झालं नाही, हे मनाला कळायला दार आपटावं तरी लागतं ना!

(आजारच म्हणायचं. पहिल्या महायुद्धात याला 'शेल शॉक' म्हणत आणि कितीतरी सैनिकांना भित्रे ठरवत. 'पीटीएसडी', म्हणजे भयंकर अनुभवानंतर जडणारा मनाचा आजार, हे निदान अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीत आलं ते १९८० साली. घरात कुणी 'मन घट्ट कर' म्हणणारं असेल तर त्यांना हे ऐकवा.)

मग आम्ही एकेक गोष्ट परत सुरू केली, पण त्याला विचारून. मुद्दाम दारं आपटून 'सवय' लावायला जाऊ नका, तो छळ झाला. मुलीच्या खोलीच्या दारातली घडी त्यानेच काढली. जेवायला मात्र तो अजून दाराकडे तोंड करून बसतो. बसू दे.

रात्री हलवून उठवू नका. मी एकदा खांद्याला हात लावला, तर झोपेतच त्याने मनगट असं धरलं की दोन आठवडे निळं होतं. त्यानंतर तो आपणहून बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. मला मनगटापेक्षा ते जास्त लागलं. आता मी पलंगाच्या पायथ्याशी, हात पोचणार नाही इतकी लांब उभी राहते, दिवा लावते, नाव घेऊन म्हणते, "घरी आहेस. मी आहे." कधी दोनदा, कधी दहादा.

'तिथे काय झालं' हे उकरू नका. पण तो सांगू लागला तर 'जाऊ दे, विसर आता' असंही म्हणू नका. मी म्हटलं होतं. नंतर चार महिने तो त्याबद्दल अक्षर बोलला नाही.

उपचार आहेत. प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर (टाळलेल्या आठवणींना हळूहळू सामोरं जाणं), सीपीटी (त्या प्रसंगाबद्दल मनात रुतलेले विचार तपासणं), ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत ती आठवण हाताळणं) ही नावं घेऊनच तज्ज्ञ शोधा. आधीच्या एका डॉक्टरांनी नुसत्या झोपेच्या गोळ्या दिल्या, त्यात आमचे सहा महिने गेले. उपचार साधारण तीन महिने, आठवड्याला एकदा असे झाले. सुरुवातीला त्याची चिडचिड वाढली आणि मी सगळं बंदच करायला निघाले होते. बरं झालं नाही केलं.

दोन बाबतींत मात्र तडजोड नाही. मरणाची भाषा आली तर सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि घरात शस्त्र असेल तर ते आधी बाहेर काढा. दुसरं, जागेपणी हात उगारला तर 'आजारी आहे' म्हणून सोसायचं नाही. मुलांना घेऊन बाहेर पडायचं, बोलणं नंतर.

आणि आईंनी ज्यांना नको म्हणून सांगितलंय, त्यांच्यापैकी कोण आलेलं चालेल ते भावालाच विचारा. एकच माणूस, अर्धा तास. मध्येच उठून आत गेला तर जाऊ दे, मागे जाऊ नका.